घाटावरची मी आणि खाडीतला जिताडा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तो विषय ठरवूनच केला होता. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल, पोरांना उपयोग होईल.’ मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षात बसलं तरी रिक्षावाले दादा बोलतात. मी माशांवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, ‘म्हणजे रेसिपी का?’

रेसिपी नाही. आपल्या ग्रुपवर माझा जो फोटो फिरला, दोन्ही हातांवर मासा आडवा धरलेला, तो पाहून तुमच्यातल्या एकाने लिहिलं होतं, ‘किती किलोनं घेतला?’ त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. तो विकत घेतलेला नव्हता, गळाला लागलेला होता, आणि फोटोनंतर अर्ध्या मिनिटात तो परत खाडीत गेला. हे सगळं कसं होतं ते सांगते. सर पुढच्या रांगेत बसलेत, चुकलं तर हात वर करतीलच.

आपण तळेगाव ढमढेऱ्याची माणसं. आपल्याला पाणी म्हणजे वेळ नदी, पुढे विठ्ठलवाडीकडची भीमा, आणि चासकमानचा कालवा सुटला की त्याचं आवर्तन. मासा म्हणजे मरळ, वाम, नाहीतर भीमेकडून येणारी चिलापी. आपल्या वर्गातली मुलं दोऱ्याला वाकवलेली टाचणी आणि टाचणीला गांडूळ लावून डोहावर बसायची, ते आठवत असेल. मुलींनी बसायचं नाही असा कुणी नियम केला नव्हता, पण बसत कुणीच नव्हतं. आमच्या घरी तर माळ. वडील वारीला जायचे, आईने आजतागायत अंड्याला हात लावलेला नाही. तेव्हा माझा आणि माशाचा संबंध येण्याचं तसं काही कारण नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी ऑफिसची सहल रेवदंड्याला गेली. अलिबागच्या खाली, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. उत्तरेला रेवदंड्याचा पोर्तुगीजांचा कोट, मुखाच्या दक्षिणेला कोर्लईचा किल्ला, मध्ये खाडी. सगळे नाश्त्याला गेले, मी धक्क्यावर गेले. तिथे एक वयस्कर कोळीकाका बसले होते. हातात रॉड नाही, रील नाही. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली दोरी आणि ती दोरी बोटावर ठेवलेली. मी नाडी बघताना डॉक्टर बोट ठेवतात तसं काहीसं म्हणाले असते, पण काकांचं बोट त्याहून स्थिर होतं. तीन तास मी तिथे बसले. मध्ये त्यांनी विचारलं, ‘मुंबयच्या का?’ मी म्हटलं, ‘तळेगाव ढमढेरे.’ ‘ते कुठं आलं?’ ‘घाटावर, शिरूर तालुक्यात.’ ‘मंग तुमाला मासा कशाला पायजे?’

त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पण पुढच्या महिन्यात परत गेले, आणि मग जातच राहिले.

एक गंमत मला नंतर कळली. कुंडलिकेच्या पाण्यात आपल्या भागाचाही वाटा आहे. मुळा नदीवर टाटांनी मुळशीला धरण बांधलं, ज्याच्या विरोधात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते आपण इतिहासात शिकलो. त्या धरणाचं पाणी पूर्वेला न येता सह्याद्री ओलांडून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं आणि तिथून कुंडलिकेत जातं. धरण नसतं तर तेच पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला, म्हणजे आपल्या शिरूर-दौंडच्या शिवेवर आलं असतं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हंजे आमचा मासा तुमचं पानी पितो.’ त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी पाव्हणी राहिले नाही.

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटी. सर, तुम्ही सातवीत फळ्यावर पृथ्वी, चंद्र आणि सूर्य काढले होते आणि पृथ्वीभोवती दोन्ही बाजूंनी फुगलेलं पाणी. ‘उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक लिहा.’ पूर्ण मार्क मिळाले होते मला. वर्गातल्या पन्नासांपैकी समुद्र कुणी पाहिला होता हा प्रश्नच वेगळा. त्या दोन शब्दांचा अर्थ मला रेवदंड्याच्या धक्क्यावर कळला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तेवढ्याच जोराने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं चढत नाही, उतरत नाही, नुसतं डुचमळतं.

आणि भरतीची वेळ? माझ्याकडे मोबाईलवर तक्ता होता. काकांकडे नव्हता. त्यांनी विचारलं, ‘आज तिथ कंची?’ मी कॅलेंडर बघून सांगितलं, चतुर्थी. ‘मंग तीनला भरली.’ कोकणातला हा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच, कारण अमावास्येला आणि पौर्णिमेला दोन्ही वेळा भरती बाराच्या सुमारास असते आणि तिथून मोजणी पुन्हा सुरू होते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागे भरतीही तेवढीच सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. जागेप्रमाणे अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढ्यासाठी छापील तक्ता लागतो. वीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहितेय, इतक्या कमी ओळींत इतकं काम करणारा एकही मी लिहिलेला नाही. आपल्या गावात पाढे पाठ नसतील पण एकादशी कुठल्या दिवशी हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा घरी जाऊन आईला सांगा, एकादशीला रेवदंड्याला सव्वाआठच्या सुमारास भरती असते.

भरती कळली म्हणजे मासा कळला असं मात्र नाही. काका म्हणायचे, ‘आधी पानी वाचा, मंग दोरी टाका.’ मी जिताड्याबद्दल बोलते, कारण किनाऱ्यावरून किंवा खाडीतून गळाने धरायचा मोठा मासा म्हणजे रायगडात पहिलं नाव त्याचं. बंगाली लोक ज्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात ज्याच्यासाठी लोक विमानाने जातात तो बारामुंडी, तोच हा. अंगाने चंदेरी, तोंड मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, रात्री बॅटरी पडली की डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. पूर्ण वाढला तर दीड मीटरच्या पुढे जातो. अलिबाग-पेणच्या खारेपाटात लोक तो तळ्यात वाढवतातही. साहेबाच्या घरी जिताडा पोचला की फाईल हलते, अशी तिकडे एक बोलायची पद्धत आहे. आपल्याकडे आंब्याची पेटी, तिकडे जिताडा.

हा मासा पाठलाग करणाऱ्यातला नाही, दबा धरणाऱ्यातला आहे. वाहत्या पाण्यात ताकद वाया घालवत नाही. खडकाच्या, पुलाच्या खांबाच्या किंवा पडलेल्या झाडाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी यांची जिथे शीव असते, ती वर पृष्ठभागावर रेघेसारखी दिसते. फेस, पालापाचोळा त्या रेघेत अडकतो. जिताडा रेघेच्या आत, आणि त्याचं जेवण रेघेच्या बाहेरून वाहत येतं. जवळ आलं की तो तोंड एकदम उघडतो, आत पोकळी होते आणि पाण्यासकट कोळंबी आत ओढली जाते. चावा नाही, ओढ. म्हणून बोटाला जे कळतं तो झटका नसतो, ‘टक्’ असा बारीक ठोका असतो.

ओहोटीचे शेवटचे दोन तास सगळ्यात चांगले. भरतीला कांदळवनात, खाजणात शिरलेली बोयची पिल्लं आणि कोळंबी पाणी उतरायला लागलं की बारीक ओहळांतून बाहेर यायला लागतात, आणि मोठे मासे ओहळाच्या तोंडाशी ताटावर बसल्यासारखे बसतात. उधाणाला पाणी फार गढूळ आणि फार वेगवान, भांगाला पाणी हलतच नाही. मधल्या तिथी मला बऱ्या वाटतात. हे माझं मत. काकांचं मत असं की ज्या दिवशी घरात पैसे नसतात त्या दिवशी प्रत्येक तिथी बरी.

काका आमिषाला जिवंत बोय वापरायचे, नाहीतर जिवंत कोळंबी. आधी पाग टाकून आमिष धरायचं, हीच अर्धी मासेमारी. गळाला तिकडे गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. कोळंबीला गरी अशी लावायची की ती जिवंत राहून पाय हलवत राहिली पाहिजे. मेलेल्या कोळंबीला खेकडे आणि शिंगाळे येतात, जिताडा क्वचित. मी बहुतेक वेळा नकली मासा वापरते, ज्याला लूअर म्हणतात. तो ओढायची एकच युक्ती सांगते: थांबवायचा. दोन-तीन वेळा गोल फिरवून ओढला की सोडून द्यायचा, तो तरंगत जरा वर येतो किंवा बुडतो, आणि जिताडा बहुतेक त्या थांबण्याच्या क्षणाला घेतो. नवीन माणसाला ते थांबणंच जमत नाही. आमच्या कंपनीत नव्याने लागलेल्या पोरांचं असंच असतं, सारखं काहीतरी दाबत राहतात.

सामान थोडक्यात. आठ-नऊ फुटांचा रॉड, विणलेली बारीक पण मजबूत दोरी आणि तिच्या टोकाला हातभर-दोन हात जाड नायलॉनचा तुकडा. हा तुकडा कशाला? जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. मान झटकली की बारीक दोरी सुटते, आणि माशाबरोबर तुमची गरीही जाते. त्याच कारणाने कल्ल्यात बोट घालून मासा उचलायचा नाही. दुकानदार याशिवाय चाळीस वस्तू दाखवतो, त्या नाही घेतल्या तरी चालतं.

मासा लागल्यावर काय होतं हे तुम्हाला समजावायला मला समुद्राचा एकही शब्द लागणार नाही. नवा खोंड तुम्ही कासऱ्याला धरलेला आहे. तो उसळला आणि तुम्ही कासरा हाताला गुंडाळून उभे राहिलात तर हात जातो किंवा कासरा तुटतो. कासरा थोडा सुटू द्यायचा, पण हातातून मोकळा होऊ द्यायचा नाही, तो थांबला की पुन्हा आवळायचा. रीलमध्ये यासाठी ड्रॅग नावाची व्यवस्था असते. दोरी जेवढं वजन पेलते त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी ओढ बसली की रीलने दोरी आपोआप सोडायला सुरुवात केली पाहिजे, अशी ती आवळून ठेवायची. हे मासा लागायच्या आधी करायचं, नंतर नाही. जिताडा पहिली धाव आडोशाकडे घेतो, तेव्हा रॉड आडवा करून त्याचं तोंड वळवायचं, कारण खडकाच्या कालवांवर दोरी घासली की संपलं. मग तो पाण्याबाहेर उडी मारतो आणि हवेत डोकं झाडतो. तेव्हा जो तो घाबरून रॉड वर ताणतो, आणि गरी सुटते. उडी मारली की रॉड खाली आणि दोरी ढिली. सगळ्या प्रवृत्तीच्या उलट करायचं आहे, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागतो. शेवटी मासा दमून कुशीवर आला की दोरीने उचलायचा नाही. लाट येईल, तिच्यावर बसून तो स्वतः वर येईल, तोवर उभं राहायचं.

रावसाचं तंत्र वेगळं, कारण तो वाळूवरचा मासा. त्याच्या छातीच्या पराखाली दोन्ही बाजूंना चार-चार लांब दोरे असतात, त्यांनी तो चाचपडत गढूळ फेसात कोळंबी शोधतो. म्हणून पाणी कुठे पांढरं होतंय ते बघायचं आणि लाटा फुटतात त्याच्या जरा पलीकडे टाकायचं. त्याच्यामागे किनाऱ्याने चालावं लागतं, एका जागी उभं राहून फारसं हाती लागत नाही.

घोळ तुम्ही बातम्यांत वाचला असेल. २०२१च्या ऑगस्टअखेरीस पालघरजवळच्या मुरब्याच्या बोटीला एका खेपेत १५७ घोळ मिळाले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाखांना गेले. मांसासाठी नाही, तर पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, जिला बोत म्हणतात आणि जी वाळवून पूर्वेकडच्या देशांत जाते. २०२३मध्ये गुजरातने घोळ हा राज्यमासा केला, आपण त्याच वर्षी पापलेट केला. माझ्या मते घोळेचं दुर्दैव असं की तिची किंमत सगळ्यांना कळली आहे. गळाला मला एकदाच लागली, चिमुकली, आणि हातात धरल्यावर कुरकुरली. त्याच हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे आवाज काढतात. मी तिला सोडल्यावरही तो आवाज हातात राहिल्यासारखा वाटला.

आता त्या फोटोबद्दल.

चार वर्षांपूर्वीचा कार्तिक, ओहोटी, सकाळचे नऊ. काका त्यांच्या दोरीवर, मी पन्नास पावलांवर खडकाच्या आडोशाला. जिताडा लागला. वीसेक मिनिटं गेली असतील. काठाला आला तेव्हा काका स्वतःची दोरी सोडून धावत आले होते, कारण इतका मोठा त्यांनीही त्या हंगामात पाहिला नव्हता. मीटरला थोडा कमी. काट्यावर अकरा किलो.

जिताड्याची एक गोष्ट सातवीच्या पुस्तकात नव्हती. तो जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो, आणि मीटरभर लांबीकडे जाता जाता मादी होतो. खाडीतला खूप मोठा जिताडा जवळजवळ नक्की मादीच असते, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी जाऊन ती लाखोंनी अंडी घालते. पिल्लं भरतीबरोबर खाजणात, शेताच्या बांधापर्यंत आत जातात आणि तिथे वाढतात. मोठे सगळे काढले तर माद्या संपल्या, छोटे सगळे काढले तर माद्या व्हायला कुणी उरलं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच दोन्हीकडून कुंपण आहे, सर्वसाधारण नियम असा की ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. आपल्या राज्यानेही २०२३ साली पन्नासहून अधिक प्रजातींची किमान लांबी ठरवून दिली, पण वरची मर्यादा कुणाच्या डोक्यात नसते. मोठा मासा म्हणजे मोठा आनंद, एवढंच.

मी तिला पाण्यात उभी धरली. शेपटीजवळ एक हात, पोटाखाली एक हात, तोंड प्रवाहाकडे, म्हणजे पाणी कल्ल्यांतून जात राहतं. जबड्याला धरून उभं टांगलं तर एवढ्या वजनाने आतले सांधे निखळतात. गरीचा काटा मी आधीच पक्कडीने दाबून ठेवते, त्यामुळे ती सहज निघते. फोटो काढला. शेपटीत जोर आला तसे हात सोडले.

काका काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी म्हणाले, ‘सोरायचा व्हता त धरला कशाला?’

अकरा किलोचा जिताडा म्हणजे त्यांच्या घरची आठवडाभराची कमाई. त्यांनी मागितला असता तर मी दिला असता का, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्यांनी मागितला नाही. पुढे म्हणाले, ‘तुमी सोरता, कारन तुमचं पोट भरलंय. आमी पन सोरतो, पन पिल्लू सोरतो, मोठा नाय.’ त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं असं मला अजून वाटतं. खाडी रिकामी करणारे दोरीवाले काका नव्हेत. कारखान्यांचं पाणी, कापलेली कांदळवनं, बारीक आसाची जाळी, यांच्यापुढे त्यांची एक बाटली आणि एक दोरी म्हणजे काय? त्यांना उपदेश करायचा अधिकार मला नाही, आणि मी केला नाही.

तो फोटो मी आईला दाखवला. तिला वाटलं आता तरी लेक म्हणेल, खाल्ला नाही, सोडून दिला, पुण्य लागलं. आईने चष्मा लावून फोटो नीट पाहिला, त्या माशाचं उघडं तोंड पाहिलं, आणि म्हणाली, ‘खायचा नव्हता तर छळलास कशाला गं?’

बघा, एक माणूस ज्याचं पोटच माशावर आहे आणि एक बाई जिच्या गळ्यात पन्नास वर्षं तुळशीची माळ आहे. दोघांची भेट कधी झालेली नाही, होणारही नाही. दोघांनी मला अक्षरशः एकच प्रश्न विचारला. ऑफिसमध्ये दोन विरुद्ध टोकांच्या लोकांनी एकच दोष दाखवला तर आम्ही ती नोंद बंद करत नाही, उघडी ठेवतो. ही नोंदही उघडी आहे.

तोवर मी माझ्यापुरता नियम केलाय. मधल्या मापाचा मासा मिळाला तर दिवसाला एक ठेवते. तो काकांच्या सूनबाईंकडे शिजतो, तिखटाचं सार आणि तांदळाची भाकरी, आणि मी तिथेच बसून जेवते. आईच्या स्वयंपाकघरात तो येत नाही. मोठा सोडते. दिवसभर मजेखातर धरत-सोडत राहायचं हे मी बंद केलं. एक-दोन लागले की रॉड गुंडाळते आणि काकांच्या शेजारी बसते. आईच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर नाही, ते तिलाही माहीत आहे. पण हल्ली मी तिकडून आले की ती विचारते, ‘काय, काय म्हणतायत तुझे काका?’

आता तुमच्यापैकी तिघांनी सकाळी चहाच्या वेळी मला गाठून सांगितलं की पोराला पाठवतो, शिकव. शिकवीन. पण अटी ऐका, कारण आपण घाटावरची माणसं, विहिरीत पोहतो आणि समजतो पाणी कळलं. समुद्राकडे पाठ करायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. खडकावर चढण्याआधी पंधरा मिनिटं लांब बसून लाटा बघायच्या. पाच-सहा सारख्या येतात आणि मग एक त्यांच्या दुप्पट येते. खडक ओला दिसतोय म्हणजे तिथवर पाणी आलेलं आहे, तिथे उभं राहायचं नाही. आत जाताना ज्या वाटेने कोरड्या पायांनी गेलो ती वाट भरतीत बुडणार का, हे आधी बघायचं, आणि परतायच्या वेळेचा गजर मोबाईलवर लावायचा. दरवर्षी कोकणात माणसं खडकांवरून जातात, आणि त्यांतली पुष्कळशी आपल्यासारखी वरून आलेली असतात. फुगवटा जाकीट अंगात असेल तरच माझ्याबरोबर यायचं. शरम वाटत असेल तर येऊ नये.

पायात चांगली पकड असलेले बूट, कारण कालवांनी तळवा ब्लेडसारखा चिरतो. वाळूत पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे खाली पाकट असेल तर सरकून जातं. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. शिंगाळ्याचा काटाही विषारी असतो. बसलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय बुडवून ठेवायचा, ठणका उतरतो, आणि मग दवाखान्यात जायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ते मासे वाढावेत म्हणून आणि समुद्र खवळलेला असतो म्हणूनही. गळवाल्याला ती लागू नसली तरी मी त्या दोन महिन्यांत समुद्राकडच्या खडकांवर जात नाही. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, त्यानंतर बघू.

ज्यांना यायचं आहे त्यांनी पंचमी धरावी. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमारास. आपल्याला हवेत आठ ते दहा. पुण्याहून पहाटे साडेतीनला निघायचं, पेणला चहा, आठला धक्क्यावर. पुण्याच्या अलीकडच्यांनी, म्हणजे गावातल्यांनी, आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला यावं. सर, तुम्हीही चला. तुमच्यासाठी खुर्ची आणते. तुम्ही पस्तीस वर्षं फळ्यावर जी भरती काढलीत ती कोर्लईच्या खडकाशी कशी दिसते ते बघायला मासा लागण्याची गरज नाही. आणि तो लागेलच असंही नाही. माझ्या वहीत तिथी, वारा, पाण्याचा रंग असे रकाने आहेत, आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक ओळींना ‘काही नाही’ असंच लिहिलेलं आहे.

नावं जेवणानंतर माझ्याकडे द्या. जाकिटाचा आकारही लिहा, मी मागवून ठेवते.